विशेषणांचे आठ प्रकार पाठ, तरी वाक्य का चुकतं?

नववीत शिकणाऱ्या एका मुलीच्या वडिलांचा हा प्रश्न आहे. मुलगी मराठी माध्यमात आहे. इंग्रजी विशेषणांचे आठही प्रकार तिला व्याख्येसकट पाठ आहेत, पण निबंधाची वही परत येते ती लाल शाईने भरूनच. नमुन्यादाखल त्यांनी वहीतली पाच वाक्यं पाठवली आहेत:

'आय वॉज बोअरिंग इन द हिस्टरी पीरियड.'
'माय धिस फ्रेंड इज मोअर टॉलर दॅन मी.'
'मच पीपल केम टू द फेअर.'
'रोहन केम विथ हर सिस्टर.'
'आय गेव्ह हिम अ टेन रुपीज नोट.'

"प्रकार पुन्हा पक्के करून घेऊ, की व्याकरणाचं दुसरं पुस्तक आणू?" असं ते विचारतात.

सध्या दोन्ही नको. आधी ही वाक्यं मराठीत म्हणून पाहा. 'माझी ही मैत्रीण', 'त्याची बहीण', 'दहा रुपयांची नोट'. मराठीत यात एकही चूक नाही. मुलगी अंदाजपंचे लिहीत नाही. तिच्या डोक्यात मराठीचं व्याकरण पक्कं आहे आणि तेच ती इंग्रजीला लावते आहे. सत्तावीस वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आहे. विशेषणांच्या बहुतेक चुका त्याच त्या आठ-दहा वळणांवर होताना मी पाहिल्या आहेत. त्या वळणांवर मराठी एकीकडे जाते आणि इंग्रजी दुसरीकडे. वळण दाखवलं की मूल आपणहून सावध होतं. प्रकारांच्या यादीत ही वळणं कुठेच दिसत नाहीत, म्हणून यादी पाठ असूनही वाक्य चुकतं.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं वळण रूप बदलण्याचं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, चांगल्या मुलांना. मराठीत आकारान्त विशेषण नामाच्या लिंग, वचन, विभक्तीमागे धावतं. हुशार, सुंदर, लाल, कडू ही मात्र जागची हलत नाहीत. म्हणून मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहितो: इंग्रजीतलं प्रत्येक विशेषण 'हुशार' या शब्दासारखं वागतं. हुशार मुलगा, हुशार मुली, हुशार मुलांना. शब्द तोच.

हे एकदा मनात बसलं की पाचवं वाक्य सुटतं. 'दहा रुपयांची नोट' म्हणताना मराठीत रुपयांचं अनेकवचन होतं. इंग्रजीत 'टेन-रुपी' हा जोडशब्द नोटेचं विशेषण होतो, आणि विशेषण झालं की अनेकवचनाचा 'एस' गळतो. म्हणून 'अ टेन-रुपी नोट', 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय', 'अ थ्री-डे ट्रिप'. मध्ये आडवी रेघ द्यायची. हेच शब्द नामाच्या आधीची जागा सोडून क्रियापदानंतर आले की 'एस' परत येतो: 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड'. 'गरिबांना मदत करा' या वाक्याचंही तसंच. मराठीत 'गरीब' नामासारखा वापरला की त्याला प्रत्यय लागतात. इंग्रजीत 'द पुअर' इतकंच म्हणायचं, 'द पुअर्स' नाही. क्रियापद मात्र अनेकवचनी: 'द पुअर नीड हेल्प'.

या नियमाला एक अपवाद आहे. 'धिस'चं अनेकवचनात 'दीज' होतं आणि 'दॅट'चं 'दोज'. मुलांना हे विचित्र वाटतं. खरं तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणं मराठीसारखीच लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे बदलत असत. पुढच्या चार-पाच शतकांत ते प्रत्यय झिजून गेले आणि 'दीज-दोज' तेवढे मागे राहिले. ही गोष्ट सांगितली की मुलांचे चेहरे बदलतात. इंग्रजीही कधीकाळी आपल्यासारखीच होती हे कळल्यावर तिची भीती थोडी कमी होते.

आता प्रकार. पुस्तकांत त्यांची संख्या सारखी नसते, कुठे पाच, कुठे आठ, कुठे दहा. तुमच्या मुलीने ते परके समजून नव्याने पाठ केले, पण त्यातले बहुतेक ती मराठीत शिकलेली आहे. आपले तीन मुख्य प्रकार आठवा: गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण. 'टॉल, ब्लू, काइंड, ब्रेव्ह' यांना इंग्रजीत डिस्क्रिप्टिव्ह म्हणतात, ते आपलं गुणविशेषण. न्यूमरल म्हणजे संख्याविशेषण, आणि त्याचे पोटप्रकारही जुळतात. 'फाइव्ह' गणनावाचक, 'फिफ्थ' क्रमवाचक, 'डबल' आवृत्तिवाचक. 'ईच' आणि 'एव्हरी' यांना डिस्ट्रिब्युटिव्ह म्हणतात, ते आपल्या पृथकत्ववाचकाच्या ('एकेक', 'दोन-दोन') जवळचे. 'धिस, दॅट' हे डेमॉन्स्ट्रेटिव्ह, 'व्हॉट, विच' हे इंटरॉगेटिव्ह आणि 'माय, युअर' हे पझेसिव्ह. तिन्ही मिळून आपलं सार्वनामिक विशेषण होतं: हा, कोणता, माझा.

एक प्रकार वेगळा सांगायला हवा, प्रॉपर ॲडजेक्टिव्ह. विशेषनामापासून झालेलं विशेषण. कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर, नागपुरी संत्री अशी विशेषणं आपण रोज वापरतो. इंग्रजीत 'इंडियन', 'चायनीज', 'व्हिक्टोरियन' ती तशीच. समजायला सोपी, पण लिहिताना चूक हमखास होते, कारण देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं. 'इंडियन'चा 'आय' मोठाच काढायचा, वाक्याच्या मध्ये आला तरी.

आणि एक इशारा. शब्द पाहून प्रकार सांगायचा नाही. 'धिस बुक इज माईन' यात 'धिस' विशेषण आहे. 'धिस इज माय बुक' यात तोच शब्द सर्वनाम आहे, कारण त्याच्यापुढे नाम नाही, तो नामाच्या जागी उभा आहे. मराठीत 'हे पुस्तक माझं आहे' आणि 'हे माझं पुस्तक आहे' यांत जो फरक आहे तोच इथे. मुलांना तो मराठीत पटकन दिसतो, म्हणून आधी तिथेच दाखवावा.

दुसऱ्या वाक्यातली पहिली चूक, 'माय धिस फ्रेंड', इथेच समजून घेता येते. नवी व्याकरणं 'माय, धिस, सम, ईच, एव्हरी' आणि 'अ, ॲन, द' यांना विशेषणांतून काढून डिटर्मिनर नावाच्या वेगळ्या गटात घालतात. शालेय पुस्तकांत त्यांना अजून विशेषण म्हणतात, आणि नावावरून वाद घालण्यात मला रस नाही. पण त्या वेगळ्या गटामागचं कारण फार उपयोगी आहे. नामाच्या आधी अगदी सुरुवातीला एकच खुर्ची असते, आणि 'माय, धिस, द, अ, ईच' यांपैकी एकालाच तिथे बसता येतं. मराठीत 'माझी ही मैत्रीण', 'तुमचा तो भाऊ' असं दोघांना शेजारी बसवता येतं, इंग्रजीत नाही. म्हणून 'धिस फ्रेंड ऑफ माईन'. एक खुर्चीवर बसला, दुसरा मागून आला. 'द माय हाऊस' आणि 'अ माय फ्रेंड' या चुकाही याच एका चित्राने जातात. गुणविशेषणांना मात्र अशी अडचण नाही, ती कितीही येऊ शकतात: 'माय लिटल ओल्ड ब्लू सायकल'.

अशी दोन-तीन गुणविशेषणं एकत्र आली की त्यांचा क्रम काय, हा प्रश्न वरचेवर येतो. मत, आकारमान, वय, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ असा क्रम पुस्तकात दिलेला असतो. मी तो पाठ करायला लावत नाही. 'सुंदर जुनी काळी लाकडी पेटी' आपण मराठीत आपोआप म्हणतो, 'लाकडी काळी जुनी सुंदर पेटी' म्हणत नाही. वस्तूच्या अंगचं जे असतं ते नामाला चिकटतं आणि आपलं मत लांब राहतं. इंग्रजीतही बहुतेक वेळा तसंच. इथे कानावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

'रोहन केम विथ हर सिस्टर' ही चूक मला फार बोलकी वाटते. 'त्याची बहीण' हा शब्द नीट पाहा. 'त्या' हा भाग रोहनकडे बोट दाखवतो आणि 'ची' हा बहिणीकडे. मराठी एका शब्दात दोघांची दखल घेते. मुलीने 'ची' ऐकली, स्त्रीलिंग ओळखलं आणि 'हर' लिहिलं. इंग्रजीला मालक तेवढा दिसतो. मालक रोहन, म्हणून 'हिज सिस्टर'. मीना भावाबरोबर आली तर 'हर ब्रदर'. मी मुलांना नामावर बोट ठेवू देतच नाही, 'कुणाची?' असं विचारतो. उत्तरात मुलगा आला की 'हिज', मुलगी आली की 'हर'. 'आपली वही', 'स्वतःची वही' यांनाही हाच प्रश्न विचारायचा, कारण 'आपला'साठी इंग्रजीत वेगळा शब्द नाही. 'रमेशने आपली वही आणली' म्हणजे 'रमेश ब्रॉट हिज नोटबुक'.

'मच पीपल' या चुकीचं मूळ 'खूप' या शब्दात आहे. खूप माणसं, खूप पाणी, किती माणसं, किती पाणी, थोडी माणसं, थोडं पाणी. आपल्याला मोजायच्या आणि मापायच्या वस्तूंसाठी वेगळे शब्द लागत नाहीत. इंग्रजीत लागतात. एक, दोन, तीन असं मोजता येतं तिथे 'मेनी' आणि 'फ्यू'. लिटर, किलो किंवा वाटीने मापावं लागतं तिथे 'मच' आणि 'लिटल'. प्रकारांच्या यादीत क्वांटिटी आणि नंबर असे दोन कप्पे वेगळे ठेवलेत ते यासाठीच. काही शब्द इथे दगा देतात. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' इंग्रजीत मोजता येत नाहीत. आपण 'दोन सल्ले' देतो, इंग्रजीत 'टू ॲडव्हाइसेस' होत नाही, 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावं लागतं.

'लिटल' आणि 'अ लिटल', 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत तर एका 'अ'ने अर्थ उलटतो, आणि 'थोडं' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला की तो फरक पुसला जातो. माझा उपाय साधा आहे. 'अ' नसेल तर मराठीत नकार घालून अर्थ करायचा. 'देअर इज लिटल वॉटर इन द टँक' म्हणजे 'टाकीत फारसं पाणी नाही'. 'देअर इज अ लिटल वॉटर' म्हणजे 'थोडं पाणी आहे', भागेल. 'फ्यू पीपल केम' म्हणजे 'फारसे लोक आले नाहीत'. इंग्रजी वाक्यात 'नॉट' कुठेच नाही, तरी मराठीत 'नाही' येतं. मुलं आधी बिचकतात, पण दहा वाक्यं अशी केली की पुन्हा चुकत नाहीत.

आता पहिलं वाक्य, 'आय वॉज बोअरिंग'. तिला म्हणायचं होतं की इतिहासाच्या तासाला मला कंटाळा आला. लिहिलं गेलं ते असं की मीच कंटाळवाणी होते. गंमत म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या जगभरच्या मुलांना छळणाऱ्या या जोडीवर मराठीत तयार किल्ली आहे, आणि ती वर्गात फार कमी वापरली जाते. कंटाळवाणा आणि कंटाळलेला. थकवणारा आणि थकलेला. गोंधळात टाकणारा आणि गोंधळलेला. यांतल्या बहुतेकांना आपण धातुसाधित विशेषणं म्हणतो, म्हणजे क्रियापदापासून झालेली. ज्याच्यामुळे घडतं ते 'णारा' किंवा 'वाणा', इंग्रजीत 'आयएनजी'. ज्याला ते झालं तो 'लेला', इंग्रजीत 'ईडी'. तास 'बोअरिंग', मुलगी 'बोअर्ड'. प्रवास 'टायरिंग', प्रवासी 'टायर्ड'. गणित 'कन्फ्यूझिंग', विद्यार्थी 'कन्फ्यूझ्ड'. उकळतं पाणी 'बॉइलिंग वॉटर', उकळलेलं पाणी 'बॉइल्ड वॉटर'.

मग ही चूक होते तरी का? कारण मराठीत भावना सांगताना माणूस बहुतेकदा कर्ता होत नाही. मला कंटाळा आला, मला भीती वाटली, मला आनंद झाला. कंटाळा बाहेरून येतो आणि 'मला' गाठतो. इंग्रजीत 'आय' पुढे येतो आणि त्याची अवस्था विशेषणाने सांगितली जाते. तेव्हा 'मला' ने सुरू होणारं भावनेचं वाक्य आधी '-लेला' च्या साच्यात घालायचं, 'मी कंटाळलेली होते', आणि मग इंग्रजीत न्यायचं: 'आय वॉज बोअर्ड'. मराठीत ते थोडं अवघडलेलं वाटेल, चालू द्या. ती नुसती मधली पायरी आहे.

विशेषणाच्या जागाही दोन असतात, आणि तेही आपल्या व्याकरणात आहे. नामाच्या आधी येतं ते अधिविशेषण: 'अ हंग्री चाइल्ड'. नामानंतर क्रियापदाच्या आधाराने येतं ते विधिविशेषण: 'द चाइल्ड इज हंग्री'. बहुतेक शब्दांना दोन्ही जागा चालतात. 'मेन' मात्र नामाच्या आधीच बसतो. 'द मेन रीझन' बरोबर, 'द रीझन इज मेन' चूक. 'असलीप' आणि 'अलाइव्ह' नामानंतरच बसतात. 'द चाइल्ड इज असलीप' बरोबर, 'ॲन असलीप चाइल्ड' चूक, तिथे 'अ स्लीपिंग चाइल्ड'. असं का, याचं उत्तर त्या शब्दांच्या पोटात आहे. जुन्या इंग्रजीत 'असलीप' हे 'ऑन' आणि 'स्लीप' असे दोन शब्द होते, म्हणजे जवळजवळ 'झोपेत'. 'अलाइव्ह'ही तसाच, 'ऑन लाइफ' पासून आलेला. मराठीत 'मूल झोपेत आहे' चालतं, पण 'एक झोपेत मूल' म्हणता येत नाही, 'झोपलेलं मूल' म्हणावं लागतं. इथे मुलीने मराठीचा कान बिनधास्त वापरावा.

विधिविशेषणाबरोबर एक चूक चांगल्या चांगल्यांकडून होते. 'द मँगो टेस्ट्स स्वीटली' असं लिहिलं जातं. क्रियापदानंतर क्रियाविशेषण यायला हवं, म्हणून 'एलवाय' लावला, असा त्यामागचा विचार. पण 'आंबा गोड लागतो' मध्ये 'गोड' आंब्याचं वर्णन आहे, लागण्याच्या क्रियेचं नाही. इंग्रजीची अडचण अशी की 'लुक, टेस्ट, स्मेल, फील' ही क्रियापदं प्रत्येकी दोन कामं करतात. मराठीत त्या दोन कामांना दोन क्रियापदं आहेत. 'लुक' म्हणजे दिसणं आणि पाहणंही. 'टेस्ट' म्हणजे लागणं आणि चाखणंही. 'स्मेल' म्हणजे वास येणं आणि वास घेणंही. 'फील' म्हणजे वाटणं आणि चाचपणंही. मराठीत दिसणं, लागणं, येणं, वाटणं असेल तिथे विशेषण द्यायचं. पाहणं, चाखणं, घेणं, चाचपणं असेल तिथे क्रियाविशेषण. 'ती रागावलेली दिसली' म्हणजे 'शी लुक्ड अँग्री'. 'तिने रागाने त्याच्याकडे पाहिलं' म्हणजे 'शी लुक्ड ॲट हिम अँग्रिली'. इतकी स्वच्छ कसोटी निव्वळ इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातून मिळणार नाही, कारण ती मराठीत आहे.

राहिली तुलना, 'मोअर टॉलर'. मराठीत तुलनेचा भार नामावर पडतो: 'शामपेक्षा उंच', 'सर्वांत उंच'. 'उंच' जागचा हलत नाही. म्हणून पाचवी-सहावीतलं मूल 'टॉल दॅन' लिहितं. मग शिक्षक 'इआर लाव' म्हणतात, दुसऱ्या दिवशी 'मोअर' शिकवतात, आणि मूल खबरदारी म्हणून दोन्ही लावतं. चूक मेहनती मुलाची आहे, आळशी मुलाची नाही. नियम इतकाच की दोघांपैकी एक. शब्द एका दमात संपत असेल तर 'इआर': टॉलर, कोल्डर. शेवटी 'वाय' असलेल्या दोन तुकड्यांच्या शब्दालाही 'इआर': हॅपी, हॅपिअर. लांब शब्दांना 'मोअर': मोअर ब्युटिफुल. दम मोजताना देवनागरी अक्षरं मोजू नका. 'स्ट्राँग' लिहायला लांब दिसतो, पण त्यात स्वर एकच आहे, म्हणून 'स्ट्राँगर'. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा, हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके तुकडे.

या प्रत्ययांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगतो. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ या शब्दांतला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'टॉलेस्ट, ओल्डेस्ट' मधला 'ईएसटी' हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत. 'स्वीट' आणि संस्कृत 'स्वादु' यांचंही मूळ एक, आणि म्हणून 'स्वीटेस्ट' आणि आपला 'स्वादिष्ट' हे सख्खे भाऊ निघतात. 'श्रेष्ठ' मध्येच 'सर्वांत चांगला' हा अर्थ आहे, तरी आपण सर्रास 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. मराठीने ते सामावून घेतलं. शेक्सपियरच्या काळातल्या इंग्रजीतही अशी दुहेरी रूपं चालत. आजच्या प्रमाण इंग्रजीत चालत नाहीत, म्हणून 'मोस्ट बेस्ट' खोडायचं. मुलीला मात्र सांगा की तिची चूक पुष्कळ जुनी आणि मानाची आहे.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' येतो. ही लॅटिनमधली तयार तुलनेची रूपं आहेत, येताना आपली पद्धत घेऊन आली. एवढं पुरे.

तुलनेची वाक्यं एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलायला सांगतात तेव्हा मात्र थांबून विचार करावा लागतो. मी शिखरं घेतो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.' दुसरं रूप: 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.' तिसरं: 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.' यातला 'अदर' मुलं सर्रास गाळतात. गाळला तर महाराष्ट्रातल्या शिखरांत कळसूबाईही आली, आणि ती स्वतःपेक्षा उंच ठरली. एव्हरेस्टबद्दल लिहिताना मात्र 'हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' पुरतं. एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही, 'अदर'ची गरजच उरत नाही.

आता साल्हेर घ्या, १५६७ मीटर. खूप उंच, पण सर्वांत उंच नव्हे. 'साल्हेर इज वन ऑफ द हायेस्ट पीक्स.' मग 'साल्हेर इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स.' मग 'व्हेरी फ्यू पीक्स आर ॲज हाय ॲज साल्हेर.' इथे 'एनी अदर' लिहिलं तर कळसूबाई आडवी येते. 'वन ऑफ'चं रूप 'मोस्ट अदर' आणि 'व्हेरी फ्यू' असंच का होतं, हे नियमाच्या तक्त्यापेक्षा दोन शिखरांच्या चित्रावरून लवकर समजतं. तुमच्या गावच्या दोन डोंगरांवर किंवा घरातल्या तीन भावंडांच्या उंचीवर हे करून पाहा.

तुम्ही घरी काय करायचं ते सांगतो. नवं पुस्तक न घेता तिचीच जुनी निबंधाची वही घ्या. लाल शाईचं प्रत्येक वाक्य तिने डाव्या पानावर आधी मराठीत लिहावं, अगदी बोलते तसं. मग त्या मराठी वाक्यात वळण कुठे आहे तिथे पेन्सिलने गोल करावा: 'ची' वर, 'खूप' वर, 'मला' वर, 'रुपयांची' वर, 'माझी ही' वर. मगच उजव्या पानावर इंग्रजी. रोज तीन वाक्यं पुरेत, पण मोठ्याने वाचून. शाळेच्या चाचणीत 'प्रकार ओळखा' आलं तर तिने शब्दापुढे नाम आहे का ते आधी पाहावं, मग त्या विशेषणाला मराठीत कोणता प्रश्न विचारता येतो ते पाहावं. कसा, किती, कितवा, कोणता, कुणाचा. पहिल्याने गुणविशेषण सापडतं, मधल्या दोघांनी संख्या आणि परिमाण, शेवटच्या दोघांनी सार्वनामिक.

आजची तिची पाच वाक्यं अशी होतील. शेजारी मराठीही लिहायला सांगा.

'आय वॉज बोअर्ड इन द हिस्टरी पीरियड.'
'धिस फ्रेंड ऑफ माईन इज टॉलर दॅन मी.'
'मेनी पीपल केम टू द फेअर.'
'रोहन केम विथ हिज सिस्टर.'
'आय गेव्ह हिम अ टेन-रुपी नोट.'